अव्वाचं अक्षर

इचलकरंजी
९ जानेवारी २०२४

अक्कास,

रक्षिताचा नमस्कार. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, ते तुला म्हाईत हाय. काढणार न्हाय. फोनवर आपलं दोन वाक्यांत भांडण जुंपतं आणि मग घरातले सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसतात. म्हणून पोस्टानं लिहितेय. पत्रात निदान मधी बोलता येत न्हाय.

काल वीरेशनं पेपर आणून पुढ्यात टाकला. आतल्या पानावर तुझा फोटो, पांढरा कोट, हातात ती नखाएवढी सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी. ‘कॅन्सरचा धोका आधीच सांगणारी पट्टी, कोल्हापूरच्या कन्येचं संशोधन.’ खोटं कशाला बोलू, छाती फुगली. शेजारणीला हाक मारून दाखवला. सासूबाईंना चष्मा आणून दिला. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि खाली आलं, ‘कै. शांतव्वा यांच्या एकुलत्या एक कन्या सुष्मिता यांनी आईच्या निधनानंतर या कामाला पूर्णपणे वाहून घेतले.’

एकुलती एक.

सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, “अगं, माहेरनं तुझं नावच पुसलं की.” शेजारीण पेपरची घडी घालून गप निघून गेली.

अव्वा शेवटचे सात महिने तुझ्याकडं होती, मान्य. माझ्याकडं बारीक पोर, घरात लूम, दोन पाळ्यांचा स्वयंपाक. मी रविवारी यायची आणि तू दार उघडून म्हणायचीस, “हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय.” जशी काय मी पावणी. तोंड अव्वाचं तुला, आवाज अव्वाचा तुला. कार्याच्या दिवशी तू नुसतं “जेवून घ्या” म्हणालीस तर मामी रडायला लागल्या. मला बघून कोण रडलं न्हाय. मी अप्पांवर गेलेय. आता अव्वाचं मरणपण तुझ्याच नावावर छापून आलं.

पेपरवाल्याला तू काय सांगितलंस ते लिही.

रक्षिता

◆

कोल्हापूर
१५ जानेवारी २०२४

प्रिय रक्षी,

तिळगूळ अप्पांबरोबर पाठवलाय, मिळाला असेल. पत्र वाचलं. वार्ताहराला मी म्हणाले होते, “आजारपणात आईजवळ मी एकटीच होते.” त्यानं त्याचं एकुलती करून टाकलं. मी फोन करून सांगितलं, ‘चूक दुरुस्त करू’ म्हणाला. करेलच असं नाही. माझ्या तोंडून तो शब्द गेलेला नाही, एवढं खरं मान.

पण मीही तुला लिहायला बसणारच होते, ते वेगळ्याच कारणानं. हे शांतपणे वाच.

अव्वाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलनं तिच्या रक्ताची एक मोठी तपासणी केली होती. आपल्या शरीरात एक लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. अव्वाच्या मजकुरात एका महत्त्वाच्या ठिकाणी एक अक्षर बदललेलं होतं. एकच. तेवढ्यानं बाईला छातीचा आणि अंडाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका खूप वाढतो. ते बदललेलं अक्षर आईकडून मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. तुझ्यात निम्मी, माझ्यात निम्मी. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की मुलींनी तपासून घ्यावं. तू त्या दिवशी होतीस, पण तेव्हा कुणाचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं.

तर हॉस्पिटलात जाऊन रक्त दे. अव्वाचं कुठलं अक्षर बदललं होतं ते माहीत असल्यामुळे तेवढीच जागा तपासतात. तिथं एक समुपदेशक बाई आहेत, त्या सगळं नीट समजावून सांगतात. वीरेशना बरोबर घे. तुला लेकीचा, सिद्धीचाही विचार करायला पाहिजे.

तुझी,
अक्का

◆

इचलकरंजी
२२ जानेवारी २०२४

अक्कास,

तिळगूळ मिळाला. गोड बोलायचं तेवढं जमणार न्हाय.

तुझं पत्र वीरेशला वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तिला पीएचडीसाठी रक्त पाहिजे असणार.” मला पण तेच वाटलं. तुझी पट्टी तेच अक्षर हुडकते न्हवं? पेपरात लिहिलंय की. मग हॉस्पिटलचं नाव कशाला पुढं करतेस, सरळ माग की.

लहानपणापासनं हेच चाललंय. तुला बारावीला क्लास, मला शिलाई मशीन. तू एमएस्सी, मी बीकॉम आणि अक्षता. अप्पा पावण्यांना सांगतात, “मोठी शास्त्रज्ञ हाय, धाकटी इचलकरंजीला असती.” असती. म्हंजे झाडासारखी. मी काय करते हे एकाला पण सांगता येत न्हाय.

आणि एक सांग. निम्मी शक्यता तुझ्यात पण हाय म्हणतेस. मग तू तपासलंस का? तुझ्या हाताखाली तर अख्खी लॅब हाय. अव्वा जाऊन चार महिने होत आले. दुसऱ्याला ‘शांतपणे वाच’ म्हणणं सोपं असतंय.

रक्षिता

◆

कोल्हापूर
३० जानेवारी २०२४

रक्षी,

नाही तपासलं. तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस.

पट्टी मी बनवते, पण घरच्या माणसाचं भवितव्य ठरवायच्या लायकीची ती अजून झालेली नाही. आत्ता तिच्यावर आम्ही फक्त बाजारातून मागवलेले, कृत्रिमरीत्या बनवलेले डीएनएचे तुकडे टाकतो. तुला वाटतं मी काहीतरी जादू करते, म्हणून सांगते. सोन्याच्या त्या ठिपक्यावर डीएनएचा एक छोटा धागा आम्ही गंधकाच्या गाठीनं उभा करतो. त्याच्यावर तपासायचा धागा सोडायचा. दोन्ही धागे जुळले की शिडीसारखे एकमेकांत बसतात. मग एक निळा रंग टाकून वीज सोडतो. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी असतील तर वीज सरळ खाली सोन्यापर्यंत उतरते. एक अक्षर जरी चुकलं असलं, तरी एक पायरी ढिली पडते आणि प्रवाह घटतो. संगणकावर डोंगरासारखी रेघ येते, ती बुटकी होते. तेच नमुने लेझरच्या उजेडात धरून परत येणारा उजेडही तपासतो, म्हणजे दोन वेगळ्या साक्षी मिळतात. एवढंच काम आहे. वर्षभर मी एका बुटक्या डोंगराकडं बघत बसलेय.

तुझं रक्त मला पीएचडीसाठी नको होतं. पटत नसेल तर नको पटू दे.

आता माझं ऐक. तुला वाटतं अव्वा माझी होती. सात महिने मी तिला भरवलं, धुतलं, उचलून संडासला नेलं. आणि रोज सकाळी डोळे उघडले की ती पहिलं काय विचारायची माहीत आहे? “रक्षी बंदाळा?” रक्षी आली का. मी समोर उभी असायचे, हातात औषध घेऊन, आणि ती दाराकडं बघायची. शेवटच्या दिवशी तिनं मला तुझ्या नावानं हाक मारली. मी ‘ओ’ दिली.

रविवारी तू आलीस की दार अडवून ‘हळू बोल’ म्हणायचे ते तिची झोप मोडेल म्हणून नव्हे.

पुढच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात रक्त देऊन येते. तूही दे.

सुष्मिता

◆

इचलकरंजी
१८ मार्च २०२४

अक्का,

तुझं मागचं पत्र आल्यावर मी लई दिवस लिहिलं न्हाय. अव्वा मला विचारायची हे मला कुणीच सांगितलं न्हवतं. तू पण न्हाय.

फेब्रुवारीत मी कोल्हापूरला आलते. तुला कळवलं न्हाय. वीरेश आणि मी सरळ हॉस्पिटलात गेलो. त्या समुपदेशक बाई लई चांगल्या हायत. त्यांनी कागदावर आपल्या घराचं झाड काढलं, अव्वा, मामा, आज्जी, सगळ्यांचे गोल आणि चौकोन. आज्जीबद्दल विचारलं, तर मला एवढंच ठाऊक की ती पोटाच्या दुखण्यानं लवकर गेली. बाईंनी त्या गोलापाशी प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाल्या, “तुम्हाला कळून घ्यायचंच आहे ना? मन घट्ट नसेल तर आज नका देऊ.” मी वीरेशकडं बघितलं. ते म्हणाले, “तुझं अंग हाय, तू ठरीव.” लग्नाच्या एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. हात पुढं केला.

काल रिपोर्ट आला. माझ्यात न्हाय.

अक्का, माझ्यात न्हाय. बाईंनी सांगितलं की माझ्यात न्हाय म्हंजे हे सिद्धीत पण जाणार न्हाय, तिथंच थांबलं. बाकीच्या बायांना असतो तेवढा धोका मला पण असणार, पण अव्वाचा तो न्हाय. मी तिथंच बाकावर बसून रडले. वीरेशनं येताना पेढे घेतले. सासूबाईंनी सिद्धीची दृष्ट काढली. काल रात्री घरात सगळे हसत जेवले.

तुझं काय आलं?

रक्षी

◆

कोल्हापूर
२४ मार्च २०२४

रक्षिता,

पत्र मिळालं. आनंद झाला. सिद्धीला आशीर्वाद.

माझा रिपोर्ट अजून यायचा आहे. सध्या प्रयोगांची घाई आहे, गाईड सरांना मे महिन्याच्या आत आकडे हवेत. त्यामुळे सवडीनं लिहीन.

काही जणांना आयुष्यात सगळं वेळच्या वेळी मिळत जातं. जपून राहा.

सुष्मिता

◆

इचलकरंजी
२ एप्रिल २०२४

अक्कास,

‘काही जणांना सगळं वेळच्या वेळी मिळतं.’ व्हय. ह्याच एका ओळीसाठी पत्र लिहिलंस ते कळलं.

मी पेढ्यांचं लिहिलं, सिद्धीचं लिहिलं, आणि तुला चार ओळी पण लिहिता आल्या न्हाईत. मी वीरेशला म्हणाले, अक्काला माझं चांगलं झालेलं बघवत न्हाय. मला नवरा हाय, पोरगी हाय, ते तुला कधीपासनं खुपतंय. आता वर माझं रक्त पण चांगलं निघालं.

का तुझ्या थिसिसचं गणित चुकलं? तुला अव्वासारखं रक्त पाहिजे होतं आणि माझं साधंच निघालं, म्हणून तोंड वाकडं झालं का? साधं तर साधं. आयुष्यभर मी साधीच हाय तुमच्यात.

अप्पा परवा आलते. तू जेवत न्हाईस म्हणाले. कामाचा ताप असेल म्हणाले. एवढं काम करू नको, परत पेपरात फोटो येईल.

रक्षिता

◆

कोल्हापूर
११ एप्रिल २०२४

रक्षी,

माझ्यात आहे.

रिपोर्ट तुझं मार्चमधलं पत्र येण्याच्या आधीच आला होता, ‘यायचा आहे’ हे मी खोटं लिहिलं. पाकीट टेबलावर होतं आणि त्याच्या शेजारी पोस्टमननं आणून दिलेलं तुझं. तुझं नंतर उघडलं. ‘माझ्यात न्हाय’ वाचलं आणि रक्षी, मला बरं नाही वाटलं. ते मी तुझ्यापासून लपवू शकत नाही, कारण तू ते ओळखलंसच, फक्त कारण चुकीचं लावलंस. मला राग आला. निम्मी-निम्मी शक्यता होती, म्हणजे काही दोघींत मिळून एकीला यायलाच पाहिजे असं नसतं. दोघींनाही आलं असतं, किंवा दोघींनाही नसतं. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. तरी मला सारखं वाटत राहिलं की तुझ्या वाट्याचं माझ्याकडं ढकललं गेलंय. तुझी पोर सुटली, तुझ्या पोरीच्या पोरी सुटल्या. तुमच्या घरात हसत जेवण झालं. मी त्या दिवशी कुलूप लावून बाहेर पडले आणि रंकाळ्याला चक्कर मारून आले, दोनदा. तिथंही चालणाऱ्या बायकांच्या अंगाकडं बघत होते. हिच्यात नसेल. हिच्यातही नसेल. असल्या विचारांनी माणूस किती घाण होतं ते मला कळलं.

डॉक्टर म्हणतात, दोन मार्ग आहेत. दर वर्षी एमआरआय करत लक्ष ठेवायचं, किंवा आत्ताच दोन्ही स्तन काढून टाकायचे. अंडाशयाचं पुढं चाळिशीच्या आत बघावं लागेल. मी अजून ठरवलेलं नाही. अप्पांना सांगितलेलं नाही. त्यांनी एकदा हे सगळं बघितलंय.

तू इतक्यात येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवणार नाही असं नाही. बघवेल. पण थोडा वेळ दे.

अक्का

◆

इचलकरंजी
१७ एप्रिल २०२४

अक्का,

येऊ नको म्हणालीस तरी मी आले. पत्र हातात पडलं तशी चुलीवरचं उतरवलं आणि गाडीत बसले. तुझ्या दारात आल्यावर मात्र मी नुसती चप्पल काढून आत बसले. तू चहा टाकलास. टीव्हीवर कसलीतरी पाककृती चालली होती ती आपण शेवटपर्यंत बघितली. निघताना तू म्हणालीस, “बस मिळेल न्हवं?” तेवढंच बोलणं झालं. म्हणून आता लिहितेय. तोंडावर बोलण्यापरास मला हेच जमतंय.

मी एक सांगते, त्यावर मला मारलंस तरी चालेल. तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक? ‘घ्या. हे पण तिलाच दिलं अव्वानं.’

खरंच आलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यातनं हे आलं. तोंड तिला, आवाज तिला, आणि आत रक्तात जे लिहिलेलं असतंय ते पण तिलाच. माझ्या रक्तात अव्वाची खूण म्हणून बघावं तर काय न्हाय, साधं कोरं. कोण असल्या गोष्टीचा हेवा करतंय? यमाच्या चिठ्ठीचा? मला माझीच लाज वाटली. पण आलं ते आलं. तू रंकाळ्याचं लिहिलंस म्हणून मी हे लिहायला धजले. तू घाण असशील तर मी तुझ्यापरास जास्त हाय.

आता कामाचं. तुझ्या पट्टीला खऱ्या माणसाचं रक्त पाहिजे असेल तर माझं घे. मागं मी तुला जे बोलले ते सोड. तुमची ती समिती असती न्हवं, परवानगी देणारी, तिच्या कागदावर सही घे आणि घे. एक असलेलं आणि एक नसलेलं, दोन्ही पाहिजे असणार. घरातच दोन्ही हायत.

अप्पांना मी सांगते. तू नको सांगू. तुझा आवाज अव्वासारखा येतो, त्यांना सोसणार न्हाय.

रक्षी

◆

कोल्हापूर
२६ जून २०२४

प्रिय रक्षी,

समितीची परवानगी आली, मग तुझा नमुना घेतला, आणि गेले तीन आठवडे त्यावरच काम केलं. तुला पहिल्यांदा सांगायचं म्हणून गाईड सरांच्याही आधी लिहितेय. म्हणजे सरांना उद्या दाखवणार.

खऱ्या रक्ताचं काम अवघड निघालं. त्यातून आधी डीएनए वेगळा करायचा, मग नेमका तेवढाच तुकडा उचलून त्याच्या पुष्कळ प्रती काढायच्या. पहिल्या खेपेला तुझी आणि माझी रेघ एकसारखीच आली. माझा जीव क्षणभर वेडा झाला. वाटलं, हॉस्पिटलचंच चुकलं असेल. मग कळलं, खोलीत उकाडा फार होता आणि जुळलेले धागे सुटत होते. थंड करून परत केलं.

प्रत्येक नमुना दोन पट्ट्यांवर टाकतो. एका पट्टीवर सगळ्यांसारखं अक्षर, दुसरीवर अव्वाचं. तुझी रेघ पहिल्या पट्टीवर उंच गेली, सरळ, एकाही ठिकाणी न अडखळता. दुसरीवर जवळजवळ आडवी झोपली. माझी दोन्हींकडं अर्धी-अर्धी. कारण माझ्यात दोन्ही आहेत, अप्पांकडून आलेलं चांगलं आणि अव्वाकडून आलेलं ते. लेझरखालीही तेच निघालं. हॉस्पिटलच्या रिपोर्टशी दोन्ही जुळतात. म्हणजे पट्टी खरं बोलते. अजून पुष्कळ नमुने लागतील, तरच तिला किंमत, पण सुरुवात झाली.

थिसिसमध्ये नावं घालता येत नाहीत. तू ‘नमुना अ’ आहेस, मी ‘नमुना ब’. एकदा तरी तुझा नंबर पहिला आला.

तुझ्या रेघेकडं मी बराच वेळ बघत होते. काय देखणी रेघ आहे ती. मला हवी होती तशी. हे मी आता लपवणार नाही, तूही वाईट वाटून घेऊ नकोस.

ऑपरेशन करायचं ठरवलंय. ऑगस्टमध्ये. वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. रजेचा अर्ज दिला. मामी यायला तयार आहेत, पण मला तू पाहिजेस.

अक्का

◆

कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय रक्षी,

तू परत गेल्यापासून घर शांत आहे. टाके निघाले. काढलेल्या भागात काहीही सापडलं नाही, म्हणजे वेळेवर झालं असं डॉक्टर म्हणाले. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. भिंतीला बोटं लावून वर चढवायचा व्यायाम चाललाय. अप्पा शेजारी उभे राहून पेन्सिलीनं खूण करतात, आज कुठवर गेली बघायला.

डिस्चार्जच्या सकाळी तू मला ब्लाउज घालून देत होतीस, पदर लावत होतीस, तेव्हा तू वाकलीस आणि तुझी भरलेली छाती माझ्या तोंडासमोर आली. मी नजर फिरवली. तू थांबलीस आणि म्हणालीस, “बघ की. जळायचं तर बघून जळ.” शेजारच्या कॉटवरच्या बाई हसल्या. मीही हसले, टाक्यात कळ आली. हे वाक्य मला आठवडाभर पुरलं.

आता एक काम राहिलंय. ते अक्षर अव्वाला कुठून तरी आलं असणार. समुपदेशक बाई म्हणाल्या, मामांकडंही असू शकतं, आणि मामांत असेल तर त्यांच्या लेकीत, महादेवीत असायची शक्यता निम्मी. तिला दोन मुली आहेत. चंदगडला मामांच्या घरी जाऊन तोंडानंच सांगायला हवं, असल्या गोष्टी फोनवर सांगून उपयोग नाही. मला एवढा घाटाचा प्रवास अजून झेपणार नाही. तू जाशील का?

अक्का

◆

इचलकरंजी
१४ ऑक्टोबर २०२४

अक्का,

जाऊन आले. काम झालं न्हाय.

चंदगडला पाऊस अजून चालूच हाय. मामा काजूच्या बागेकडं गेलते. महादेवी घरात एकटी होती, भात वाढला, तांबडं लोणचं वाढलं. जेवण झाल्यावर मी सांगायला घेतलं. अगदी तू सांगतीस तसं, अक्षरं, निम्मी शक्यता, सगळं. ती ऐकत होती. तुझ्या ऑपरेशनचं ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, “आणि तुझं काय आलं?”

मी म्हणाले, माझ्यात न्हाय.

अक्का, तिचं तोंडच बदललं. ताट उचलत म्हणाली, “मग तुला काय जातंय सांगायला? स्वतःची पोरगी सुटली आणि आमच्या पोरींच्या मागं लागायला आलीस.” मी म्हणाले, “अगं, तुझ्या चांगल्यासाठी.” ती म्हणाली, “चांगलं तुझं झालंय. माझं हाय तसं राहू दे.” मी पिशवी उचलली. बाहेर ओट्यावर बसून बसची वाट बघितली. ती दाराआडनं बघत होती, मला दिसत होतं. तिचा राग मला समजत होता. जानेवारीत मी तुला काय कमी बोलले का? आणि ती म्हणते त्यात खोटं काय हाय? मी सुटलेली हाय. सुटलेल्या माणसानं काय पण सांगितलं तरी ते वरनं सांगितल्यासारखंच ऐकू येतंय.

ती माझं ऐकणार न्हाय. तुझं ऐकेल. तब्येत बघून जा. मी येऊ का बरोबर? का तू एकटीच बरी?

रक्षी

◆

चंदगड
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रक्षी,

हे पत्र मामांच्या ओट्यावर बसून लिहितेय, उद्या सकाळी स्टँडजवळच्या पेटीत टाकीन. प्रवास बरा झाला. ड्रायव्हरमागची सीट मिळाली, उशी बरोबर आणलेली तीही उपयोगाला आली.

महादेवी पहिले दोन तास कामातच होती. भांडी घासली, गाईचं बघितलं, मुलींच्या वेण्या घातल्या. मीही विषय काढला नाही. मुली शाळेच्या कार्यक्रमाच्या तालमीला गेल्या, तेव्हा ती आपणच येऊन माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, “दाखव.”

मी दाखवलं. व्रण अजून लाल आहेत. तिनं हात लावला नाही, पण नीट बघितलं, बाजारात कापड बघावं तसं. विचारलं, “दुखतंय?” म्हटलं, आता फार नाही. “आणि लग्नाचं?” म्हटलं, माहीत नाही. “भीती?” म्हटलं, ती कमी झाली.

मग तिनं तुझं काढलं. म्हणाली, “दोघी एकाच पोटच्या. तिच्यात न्हाय आणि तुझ्यात हाय. तुला रक्षीचा राग येत न्हाय?”

मी म्हटलं, “येतो.”

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, “अजून येतो. कधी सकाळी उठल्याउठल्या येतो. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभी राहिले ती तिच्या खांद्यावर हात टाकून. ती नसती तर दुसरं कोण होतं मला? राग आहे, आणि तीही आहे. दोन्हीही आहेत.”

महादेवीनं मुलींची खाली पडलेली रिबीन उचलून बोटाला गुंडाळली. बागेतून मामांचा खोकला ऐकू येत होता. मग विचारलं, “माझ्यात निघालं, थोरलीत उतरलं आणि धाकटीत न्हाय, तर थोरली मला काय म्हणंल?”

म्हटलं, त्यांचं त्या मोठ्या झाल्यावर ठरवतील, आत्ता प्रश्न तुझा आणि मामांचा आहे. आधी मामांचं बघू. त्यांच्यात नसेल तर तुमचं सगळ्यांचंच सुटलं.

“आणि असंल तर?”

“तर मी आहे की. मला सगळा रस्ता पाठ झालाय.”

ती उठली. मला वाटलं, आता चहा करून मला वाटेला लावणार. तिनं ट्रंक उघडली, साड्या बाजूला केल्या, तळातली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिथंच खाली बसून मामांचं आणि स्वतःचं आधार कार्ड शोधायला लागली.

शुक्रवारी दोघं माझ्याबरोबर कोल्हापूरला येताहेत. हॉस्पिटलच्या फाटकावर सकाळी उभी राहा. ती गाडीतून उतरली की आधी तू पुढं हो.

तुझी,
अक्का